पहारा कशावर?

लैंगिकतेचे समाजशास्त्र शिकवायचे म्हटले की वर्गातल्या मुली माना खाली घालतात, मुले हसतात. बदनापूरच्या वर्गात वेगळे काय होणार? खाजगी गोष्टीत समाजशास्त्र कसले, असे सहकारीही विचारतात.

म्हणून पहिल्या तासाला मी शरीराचा विषय काढीतच नाही. तुमचे लग्न कोणाशी व्हायचे हे कोण ठरवते, एवढेच विचारतो. हसू थांबते. उत्तर प्रत्येकाला ठाऊक असते.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म दाखवले : जातीतच लग्न करण्याचे बंधन. ते टिकवायचे तर विधवा जातीबाहेर जाता कामा नये. म्हणून सती, सक्तीचे वैधव्य. विधुराला जातीतच बायको हवी, म्हणून बालविवाह. वरच्यांच्या या चाली खालच्यांनी अनुकरणाने उचलल्या. कोवळ्या वयात लग्न झालेल्या माझ्या निरक्षर आईच्या आयुष्याचा अर्थ मला तिथे सापडला. स्त्रीच्या देहावरचा पहारा हा जातीचाच पहारा आहे.

र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, हा गुन्हा! 1934 मध्ये त्यांची बाजू बाबासाहेबांनीच मांडली. खटला हरला, प्रश्न उरले.

चळवळीत मात्र आपण हे प्रश्न ‘नंतर’साठी ठेवतो. जातीबाहेर प्रेम केले म्हणून आजही मुलेमुली मारली जातात. मग हे ‘नंतर’ कधी येणार?