मधल्या बारा मिनिटांत काय घडतं?

आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते बसलेलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा पाचवा हिस्सा हा एकटा खातो. खरी गंमत पुढेच आहे. एखादं अवघड गणित सोडवायला घेतलं, तर हा खर्च किती वाढावा? सहसा ५ टक्क्यांहूनही कमी! म्हणजे आपण खिडकीतून उगाच बाहेर बघत असतो, तेव्हाही मेंदूचं काम जवळपास तेवढ्याच जोरात चालू असतं. पण कसलं?

अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रायकल आणि त्यांचे सहकारी मेंदूची स्कॅन तपासत होते. हातात काम घेतलं की मेंदूचे काही ठरावीक भाग मंदावतात आणि काम सुटलं की तेच पुन्हा सरसावतात, असं त्यांना दिसलं. २००१ मध्ये त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. या भागांच्या जाळ्याला आज ‘डीफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. जुन्या आठवणी उकरणं, उद्याचं चित्र रंगवणं, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणं, या सगळ्यात त्याचा हात असतो. कथा-कवितेला आणखी काय लागतं?

आणि हे फक्त कथा-कवितेपुरतं नाही. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी स्वतःचाच एक अनुभव नोंदवून ठेवला आहे. ‘फुक्सियन’ नावाच्या गणिती फलनांवर भरपूर डोकेफोड करून ते भूगर्भशास्त्राच्या सहलीला निघाले. प्रवासाच्या गडबडीत गणित पार विसरले. कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी, काही ध्यानीमनी नसताना, त्या फुक्सियन फलनांचं नातं थेट अयुक्लिडीय भूमितीशी आहे हे त्यांना उमगलं. ताळा करून पाहायला वेळ नव्हता. ते बसमध्ये शिरले आणि अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे चालू केल्या.

थोरांचा किस्सा म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षाच घेतली. साध्या वस्तूंचे चित्रविचित्र उपयोग सुचवा, असं काही जणांना सांगितलं. मग १२ मिनिटांचा खंड. एका गटाला डोकं लावायला लागेल असं काम, दुसऱ्याला अगदी सोपं, कंटाळवाणं काम, तिसऱ्याला नुसती विश्रांती, चौथ्याला खंडच नाही. परत विचारल्यावर सोप्या कामवाले सुमारे ४० टक्क्यांनी सुधारले, बाकीचे होते तिथेच. आणि ही सुधारणा फक्त आधी विचारलेल्या वस्तूंबाबत होती, नव्या वस्तूंबाबत नाही! म्हणजे ज्यावर आधी डोकं खाजवलं होतं, तेच आत शिजत राहिलं होतं. एका प्रयोगावर सगळी भिस्त ठेवू नये हे खरं, पण प्वांकारेंना तो नक्की आवडला असता.

आता मोबाइल. रांगेत, स्टॉपवर, चहाला उकळी येईपर्यंत आपण जो चाळतो, तो माझ्या मते ना विश्रांतीत बसतो ना सोप्या कामात. दर काही सेकंदांनी नवा चेहरा, नवं भांडण, नवा विनोद. त्यात २००६ मध्ये अझा रास्किन यांनी न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली. पान संपलं की थांबायची जी सोय होती, तीही गेली.

एकट्याने बाजूला व्हावं तर बाकी सगळे तिथेच, ही आपली नेहमीची अडचण. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ मध्ये ती अख्ख्या गावाने मिळून सोडवली. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. हेतू मुख्यतः मुलांच्या अभ्यासाचा, प्रतिभेबितिभेचा नाही. पण त्याच वेळात घरोघरी शेंगा सोलायच्या असतात, धान्य निवडायचं असतं, भांडी घासायची असतात. सांता बार्बराच्या त्या दुसऱ्या गटाला शोभतील अशीच ही कामं.