विदर्भातील उन्हाळा आणि कार्यालयातील लॅपटॉप

नागपूरच्या उन्हाळ्याची कीर्ती नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. नवतपा सुरू होण्यापूर्वीच दुपारचे रस्ते ओस पडू लागतात. शासकीय कामकाजास मात्र नेमका याच दिवसांत वेग येतो. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी सात-बारा हवा असतो, तर शाळा-महाविद्यालयांतील प्रवेशांसाठी उत्पन्नाचे, जातीचे व अधिवासाचे दाखले हवे असतात. २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींत संगणक पोहोचले; पुढे त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बाराही मिळू लागला. या सुधारणांमुळे जनतेची मोठी सोय झाली, यात शंका नाही. तथापि, पूर्वी शाई संपली तरी दुसरी दौत मिळत असे. आता टेबलावरील एकच यंत्र बंद पडले की संपूर्ण काम थांबते. भर दुपारी लॅपटॉप आपोआप बंद झाला आणि दूरच्या वस्तीवरून आलेल्या शेतकऱ्यास ‘उद्या या’ असे सांगावे लागले, तर त्या उद्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

असे यंत्र बहुधा ‘बिघडले’ म्हणून बाजूला ठेवले जाते व नव्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. वास्तविक, त्यातील बहुतेक यंत्रे बिघडलेली नसतात. त्यांचा श्वास कोंडलेला असतो. तो कोठे कोंडला आहे, हे पुष्कळदा एकही स्क्रू न काढता ओळखता येते.

यंत्र थंड कसे राहते

लॅपटॉपमधील सर्वाधिक उष्णता प्रोसेसर या भागात निर्माण होते. त्यावर तांब्याची एक बंद, चपटी नळी बसविलेली असते. तिच्यात थोडासा द्रव असतो. प्रोसेसरच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती नळीच्या दुसऱ्या टोकाकडे जाते आणि तेथे उष्णता सोडून पुन्हा द्रवरूपाने परतते. माठातील पाणी बाष्पीभवनाने गार होते, तेच हे तत्त्व होय. फरक एवढाच की येथे वाफ बाहेर जात नाही. नळीच्या थंड टोकाशी अतिशय पातळ धातुपत्र्यांची जाळी असते व तिच्यातून एक लहान पंखा हवा फेकतो.

हा पंखा गारवा निर्माण करीत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. खोलीत जी हवा असेल तीच तो जाळीतून पुढे ढकलतो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत लॅपटॉपच्या वापरासाठी सभोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश दिलेली आढळते. एप्रिल ते जून या काळात नागपूर, चंद्रपूर किंवा वर्धा जिल्ह्यातील पत्र्याच्या छपराखालील खोलीत दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की तो प्रथम स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. हे बंद होणे म्हणजे संरक्षण आहे, दोष नव्हे. वेग मंदावण्याची पहिली पायरी मात्र बहुधा कोणाच्या ध्यानातच येत नाही. त्या वेळी ‘आज सर्व्हर फार संथ आहे’ असे म्हणून इंटरनेटला दोष दिला जातो.

निदान : हात, कान आणि डोळा

तापमान दाखविणारी सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत व ती उपयुक्तही आहेत. परंतु केवळ आकड्यावर विसंबू नये. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. तो संवेदकाचा दोष असल्याचे नंतर हवामान खात्याने स्पष्ट केले. लॅपटॉपमध्येही असेच संवेदक असतात. म्हणून आकड्याला हाताच्या परीक्षेची जोड द्यावी.

यंत्र अर्धा तास चालवून ज्या झरोक्यातून हवा बाहेर पडते तेथे तळहात धरावा. हवा जोरात व चांगलीच गरम येत असेल, तर पंखा आणि जाळी दोन्ही ठीक आहेत. दोष खोलीच्या उष्णतेचा किंवा कामाच्या भाराचा आहे. टास्क मॅनेजर उघडून कोणता कार्यक्रम प्रोसेसरला सतत राबवीत आहे ते पाहावे. ब्राउझरची पंधरा-वीस पाने एकाच वेळी उघडी ठेवण्याची सवय अनेक केंद्रांत आढळते. पंख्याचा आवाज मोठा, पण हवा क्षीण, असे असेल तर जाळी धुळीने बुजलेली आहे असे समजावे. आवाजही नाही व हवाही नाही, असे झाल्यास पंखा अडकला आहे किंवा निकामी झाला आहे. काही यंत्रे सुरू होतानाच पडद्यावर पंख्याच्या बिघाडाची सूचना देतात. खरखर किंवा घरघर ऐकू येत असेल तर बेअरिंग झिजले आहे व पंखा लवकरच थांबणार आहे. उरला तो फसवा प्रकार. पंखा जोरात फिरतो, हवा मुबलक पण जवळजवळ थंड येते, आणि तरीही यंत्र बंद पडते. येथे उष्णता जाळीपर्यंत पोहोचतच नाही. प्रोसेसर व तांब्याचे पात यांमधील उष्णतावाहक लेप, ज्यास दुकानांत थर्मल पेस्ट म्हणतात, तो वाळून गेलेला असतो.

धूळ आणि कूलर

विदर्भातील धुळीचे स्वतःचे वैशिष्ट्य आहे. काळ्या कपाशीच्या जमिनीची बारीक माती, जिनिंगच्या परिसरातील सरकीवरचे तंतू, आणि नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरातील राख हे सारे हवेत असते. तंतू प्रथम जाळीवर अडकतात, त्यांवर माती बसते आणि पंखा व जाळी यांच्या मध्ये नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून पाहता झरोका स्वच्छ दिसतो; म्हणूनच वरवर फडके फिरविल्याने काही साधत नाही.

कूलरविषयी अधिक सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण येथे एकही कार्यालय त्याच्याशिवाय नसते. मे महिन्यातील कोरड्या हवेत वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा कूलर खोलीचे तापमान बरेच उतरवितो आणि त्याचा लाभ लॅपटॉपलाही मिळतो. पण अनेक ठिकाणी यंत्रास अधिक गारवा मिळावा म्हणून टेबल थेट कूलरच्या झोतासमोर सरकविले जाते. हे टाळावे. झोतासोबत पाण्याचे तुषार व ताटीतील काड्यांचा भुगा येतो. तुषार आत सुकले की पाण्यातील क्षार तेथेच राहतो. कूलरने खोली थंड करावी, यंत्र नव्हे. समोरची खिडकी किंचित उघडी ठेवावी, अन्यथा दमट हवा खोलीतच कोंडते. जूनच्या मध्यास पाऊस आल्यावर हवेतील ओलाव्यामुळे कूलरचा प्रभाव फारसा उरत नाही. तेव्हा साधा छताचा पंखा अधिक उपयोगी ठरतो. आणखी एक प्रसंग नेहमीचा आहे. वीज गेली की कूलर थांबतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो. अशा वेळी भिंतीलगतचे टेबल खिडकीजवळील सावलीत घ्यावे आणि जड कामे सकाळवर टाकावीत.

सफाई

हमीची मुदत शिल्लक असेल तर यंत्र उघडू नये. खरेदीची कागदपत्रे प्रथम पाहावीत. मुदत संपली असल्यास सफाई माहितगार व्यक्तीकडूनच करून घ्यावी. यंत्र बंद करून, चार्जर काढून, शक्य असेल तेथे बॅटरीची जोडणी सोडवून मगच काम सुरू करावे. ब्लोअरने हवा मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरणे महत्त्वाचे आहे. मोकळा पंखा वाऱ्याने भरमसाट फिरला तर बेअरिंग खराब होते. धुळीचा थर चिमट्याने काढावा, तो जाळीत आणखी आत ढकलू नये. तांब्याचे पात काढल्यास जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा लावणे भागच असते. तो तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा पुरे; भरपूर लावल्याने यंत्र अधिक गार राहते ही समजूत चुकीची आहे. नवा पंखा घेताना जुन्यावरील क्रमांक जुळविला पाहिजे. ‘बसतो’ म्हणून दिलेला पंखा पुष्कळदा उलट दिशेने हवा फेकतो किंवा त्याची जोडणीच वेगळी असते. हे सुटे भाग व कारागीर सीताबर्डीवर मिळतात.

बॅटरीबाबत मात्र काटकसरीचा विचार करू नये. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर जीर्ण होते आणि तिच्यात वायू साठून ती फुगू शकते. कळफलक मधोमध उचलला गेला, टचपॅड दाबले जाईनासे झाले किंवा झाकण नीट बसेना, तर यंत्राचा वापर त्याच क्षणी थांबवावा. फुगलेली बॅटरी टोचणे, दाबणे किंवा पुन्हा चार्ज करणे आगीस निमंत्रण देणारे आहे. शाळांनी अशी यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती मुळीच देऊ नयेत. ती कचराकुंडीत टाकता येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत संकलकाकडेच द्यावी लागते.

सफाईचा मुहूर्त फेब्रुवारी-मार्चचा असावा. कार्यालयातील कूलर बाहेर काढून त्यास नव्या ताट्या लावल्या जातात, त्याच आठवड्यात लॅपटॉपची जाळी साफ करून घेतल्यास दोन्ही कामांची नोंद एकाच पानावर करता येते.