लांकडाची पेटी आणि तिच्यांतील उजेड



जहाजांच्या, देवळांच्या, आगगाड्यांच्या लहान प्रतिकृति आपण पाहिल्या असतील. परंतु जी वस्तु केवळ एका कल्पित कथेंत वावरली, तिची प्रतिकृति करावयाची म्हणजे नक्कल नेमकी कशाची करावयाची? एका प्रसिद्ध उदाहरणावरून हें पाहूं.

23 नोव्हेंबर 1963 रोजीं बी. बी. सी. नें दूरचित्रवाणीवर 'डॉक्टर हू' ही वैज्ञानिक कल्पित कथा दाखविण्यास आरंभ केला. तिचा नायक काळांतून व अवकाशांतून प्रवास करतो. त्याच्या यानाचें नांव 'टार्डिस'. जेथें उतरावें तेथील परिसराला शोभेल असें रूप घेणें हा या यानाचा गुण. परंतु लंडनमध्यें त्यानें पोलिसांच्या टेलिफोनपेटीचें रूप घेतलें आणि यंत्रांत बिघाड होऊन तेंच रूप त्याला चिकटलें. आंतून अफाट आणि बाहेरून एक निळी पेटी, अशी ही गंमत आहे.

अशा पेट्या लंडनच्या रस्त्यांवर खरोखरच होत्या. गिल्बर्ट मॅकेंझी ट्रेंच यांनीं 1929 च्या सुमारास त्यांचा आराखडा केला. भिंती काँक्रीटच्या आणि दारें सागवानी. बाहेरच्या लहानशा झडपेआड टेलिफोन असे. अडलेल्या नागरिकाला तेथून पोलिसांना हांक मारतां येई. माथ्यावरचा दिवा लुकलुकूं लागला म्हणजे गस्तीच्या शिपायानें ठाण्याशीं बोलावयाचें, असा संकेत असे. चित्रीकरणाची पेटी मात्र लांकडाची केलेली होती, आणि पुढें ती अनेकदां नव्यानें करण्यांत आली. प्रत्येक वेळीं छपराचा उतार, खिडक्या, पाटी यांत फरक पडला. म्हणून पहिला नियम असा कीं, कोणती पेटी करावयाची तें आधीं ठरवावें आणि त्याच एका पेटीचीं छायाचित्रें समोर ठेवावीं. दोन पेट्यांचें मिश्रण झालें तर जाणत्याच्या डोळ्याला तें तत्काळ खुपतें.

आतां प्रमाण. फुटाला एक इंच हें सोयीचें. नऊ फुटांची पेटी नऊ इंचांची होते. एक इंच रुंदीची पट्टी सुमारें दोन मिलीमीटरची होते. येथवर गणित सोपें आहे. परंतु दोन गोष्टी फूटपट्टीच्या आज्ञेंत राहत नाहींत. एक लांकडाचे रेषे आणि दुसरा उजेड.

प्रतिकृति बारापट लहान झाली म्हणून लांकडाचे रेषे बारापट बारीक होत नाहींत. ठळक रेषांचें लांकूड वापरलें तर नऊ इंचांची पेटी पेटी न दिसतां लांकडाचा ठोकळा दिसते. यासाठीं बारीक पोताचें तीन मिलीमीटर जाडीचें प्लायवूड घ्यावें, अस्तराचा हात द्यावा, घासकागदानें घासावें, आणि हें दोनतीनदां करून मगच निळा रंग चढवावा. चारी भिंती गुण्याला लावून जुळवाव्या. प्रत्येक बाजूला दोन खिडक्या आणि प्रत्येक खिडकीला सहा तावदानें, म्हणजे एकंदर अठ्ठेचाळीस तावदानें होतात. एक जरी वांकडें बसलें तरी दिवा लागतांच तें उघडें पडतें.

उजेडाचें कोडें याहून नाजूक आहे. खिडकीमागें एल. ई. डी. चा दिवा ठेवला कीं डोळ्याला उजळलेली खिडकी दिसत नाहीं. भोकामागचा एक झगझगीत ठिपका दिसतो. तेवढ्यानें सारा आभास मोडतो. उपाय असा : दिव्याचें तोंड खिडकीकडे न करतां पांढऱ्या रंगविलेल्या तळाकडे करावें आणि तावदानांच्या मागें ट्रेसिंग कागद लावावा. उजेड तळावर आणि भिंतींवर आपटून पसरतो व सर्व खिडक्या सारख्या उजळतात. मात्र पांढऱ्या रंगाच्या आधीं आंतल्या प्रत्येक सांध्यावर काळ्या रंगाचा जाड थर द्यावा. दिवसां न दिसणारी फट अंधारांत आगीच्या रेघेसारखी दिसते.

विजेचा हिशेब फार नाहीं. बॅटरी नऊ व्होल्टची, पांढरा एल. ई. डी. त्यांतले सुमारें तीन व्होल्ट घेतो; उरलेले सहा रोधकानें सोसावयाचे. 470 ओहमचा रोधक जोडला तर सुमारें 13 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि तो पुरेसा आहे. प्रत्येक दिव्याला त्याचा स्वतंत्र रोधक द्यावा. माथ्यावरच्या दिव्यासाठीं '555' क्रमांकाची लहान चकती घेऊन तिला 10 हजार व 68 हजार ओहमचे रोधक आणि 10 मायक्रोफॅरडचा धारक जोडला, तर दिवा सेकंदाला सुमारें एकदां लुकलुकतो. डाख देण्याचें सर्व काम पेटी मिटविण्यापूर्वीं उरकून रात्रभर दिवे लावून ठेवावे. छप्पर सरसानें कायमचें चिकटवूं नये. बॅटरी कधींतरी बदलावी लागणारच.

थोडक्यांत, उजेड हा अशा प्रतिकृतीचा शेवटचा अलंकार नव्हे. तो पाया आहे, आणि सारी बांधणी त्याच्या सोयीनें, आंतून बाहेर, करावी लागते.

शिपायांच्या हातीं बिनतारी यंत्रें आल्यावर लंडनच्या त्या पेट्या निरुपयोगी ठरल्या आणि बहुतेक सर्व हटविण्यांत आल्या. आज ती निळी पेटी पाहून बहुतेकांना पोलीस आठवत नाहींत, यान आठवतें. खरी वस्तु गेली आणि तिचें सोंग उरलें. परंतु माथ्यावरच्या दिव्याचा अर्थ दोहोंकडे फारसा निराळा नाहीं : कोणीतरी संकटांत आहे, कोणीतरी यावें. प्रतिकृति करणारानें तो दिवा लावतांना एवढा अर्थ ध्यानीं ठेवला, तर तो किती प्रखर असावा आणि किती सावकाश लुकलुकावा, हें त्याला वेगळें सांगावें लागणार नाहीं.