कर्नलच्या दारात नवशिक्या : मदत कोणाकडे आणि कशी मागावी
(मुक्त संगणकाची घडण : लेखांक ६)

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रामला किती द्यायचा, मेमरी कशी वाटायची, डिस्क आणि नेटवर्क कार्डाकडून काम कसे करून घ्यायचे, हे सगळे तो ठरवतो. लिनक्स कर्नलचा संपूर्ण सोर्स कोड कोणालाही उतरवून घेता येतो, वाचता येतो, बदलता येतो. २०२५ च्या सुरुवातीला हा कोड ४ कोटी ओळींच्या घरात पोहोचला. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. प्रत्येक आवृत्तीत सुमारे दोन हजार जणांचे काम असते आणि त्यांतले दोनशेहून अधिक जण आयुष्यात पहिल्यांदाच कर्नलला हात लावत असतात. दार उघडे आहे, याचा याहून मोठा पुरावा नको. तरीही नवशिक्यांनी विचारलेले कितीतरी प्रश्न उत्तराविना पडून राहतात. हे का होते आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळते, हे समजले की पुढची वाट बरीच सोपी होते.

लिनक्सचा आरंभही एका विद्यार्थ्याने मदत मागण्यातूनच झाला. ३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या चर्चागटात एक छोटी विचारणा केली : पॉझिक्स या प्रमाणाचे नियम संगणकावर वाचता येतील अशा स्वरूपात कुठे मिळतील? २५ ऑगस्टला त्याने पुन्हा लिहिले. आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत आहोत, मिनिक्समधले लोकांना काय आवडते आणि काय खटकते ते कळवा, असा त्याचा मजकूर होता. मागणी नेमकी होती आणि मागणारा आधीच कामाला लागलेला होता. आरी लेम्के यांनी फिनलंडमधल्या एका सर्व्हरवर या कोडसाठी जागा करून दिली.

आज सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न मात्र वेगळा असतो : ‘मला कर्नलमध्ये योगदान द्यायचे आहे, कुठून सुरुवात करू?’ या प्रश्नात गैर काही नाही, पण तो ज्यांना विचारला जातो त्यांची स्थिती लक्षात घ्यायला हवी. कर्नलचे शेकडो विभाग आहेत आणि प्रत्येकाची देखभाल ठरावीक मेंटेनरांकडे असते. त्यांच्याकडे रोज येणाऱ्या पॅचचा, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलांचा, ढीग मोठा असतो. एखादा पॅच स्वीकारताना मेंटेनर त्याखाली स्वतःची सही करतो. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहावे तसेच हे आहे : पॅच पाठवणारा उद्या दिसेनासा झाला, तरी त्या कोडमधला बग निस्तरण्याचे काम सही करणाऱ्याच्या माथी येते. म्हणून मेंटेनर आपला वेळ अशा माणसाला देतो, ज्याच्या प्रश्नात त्याचे स्वतःचे श्रम दिसतात. यात तुसडेपणा शोधू नये. वेळ मोजका असला की तो असाच खर्च करावा लागतो.

हे श्रम सी भाषेपासून सुरू होतात. पॉइंटर, स्ट्रक्चर आणि मेमरीचा हिशेब यांत गोंधळ असेल, तर कर्नल वाचणे व्यर्थ आहे. त्यानंतर थेट लिनक्समध्ये उडी न घेता एक्सव्ही६ वाचावे. अमेरिकेतील एमआयटीत शिकवण्यासाठी तयार केलेला हा छोटा कर्नल दहा हजार ओळींपेक्षाही लहान आहे आणि एका सत्रात पूर्ण वाचून होतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. मैथिली वुटुकुरू यांची ऑपरेटिंग सिस्टिमवरची व्याख्याने इंटरनेटवर मोफत आहेत, त्यांतही एक्सव्ही६चाच आधार घेतलेला आहे. पुस्तकच हाताशी हवे असेल, तर कैवान बिलिमोरिया यांचे ‘लिनक्स कर्नल प्रोग्रामिंग’ (२०२१) नवशिक्याला पेलेल असे आहे.

मग लिनक्सचा सोर्स घेऊन तो स्वतः कंपाइल करावा. साध्या लॅपटॉपवर संपूर्ण कर्नल कंपाइल व्हायला काही तास लागू शकतात, कारण त्यात हजारो ड्रायव्हर असतात. त्यावर एक सोय आहे : आपल्या यंत्रात या घडीला लोड झालेली मॉड्यूल तेवढीच निवडणारा कॉन्फिगरेशनचा पर्याय. त्याने हे काम पुष्कळ आटोपते. तयार झालेला कर्नल क्यूईएमयूसारख्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बूट करावा. तो कोसळला तरी रोजच्या कामाची डिस्क सुरक्षित राहते. एवढे करेपर्यंत मनात आलेले निम्मे प्रश्न आपोआप मिटतात आणि उरलेले नेमके होतात.

नेमका प्रश्न कसा असतो, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. कर्नलची नवी आवृत्ती घातल्यावर लॅपटॉप झोपेतून उठेनासा झाला. ‘माझा लॅपटॉप हँग होतो, मदत करा’ एवढेच लिहिले, तर कोणालाही काही करता येत नाही. कर्नल कोसळताना लॉगमध्ये एक मजकूर सोडतो, त्याला ‘ऊप्स’ म्हणतात. त्यात चूक कोणत्या फंक्शनमध्ये आणि त्यातल्या कितव्या बाइटवर झाली हे असते, आणि ते फंक्शन कोणी बोलावले होते याची साखळीही असते. डीबग माहितीसह कंपाइल केलेला कर्नल असेल, तर सोर्ससोबत येणारी एक स्क्रिप्ट त्यावरून फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक काढून देते. ऊप्समध्येच ‘टेंटेड’ अशी खूण असते. बंदिस्त सोर्सचा एखादा ड्रायव्हर लोड झालेला असेल, तर ती खूण तेही सांगते. अनुभवी मेंटेनरची नजर आधी तिकडे जाते. तो ड्रायव्हर काढून चूक पुन्हा घडवून दाखवली, तरच पुढचे बोलणे होते.

याहूनही मोलाचे साधन म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्राममधले बायसेक्ट. लॅपटॉप जुन्या आवृत्तीत नीट चालत होता आणि नव्या आवृत्तीत बिघडला, एवढे माहीत असले की पुरे. दोन आवृत्त्यांमध्ये साधारण १५ हजार बदल असतात. बायसेक्ट त्यांच्या मधोमध थांबवते, तो कर्नल कंपाइल करून तपासायला लावते आणि निकाल ऐकून निम्मे बदल बाजूला टाकते. असे १४ वेळा केले की बिघाड करणारा एकच बदल हाती लागतो. यासाठी ड्रायव्हरची एक ओळही समजण्याची गरज नसते, चिकाटी मात्र लागते. त्या बदलावर लिहिणाऱ्याचे नाव असतेच. आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडता कामा नये, हा लिनक्सचा जुना आणि कडक नियम असल्याने अशा तक्रारीला उत्तर मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. दुरुस्ती झाली की तिच्या नोंदीत ‘रिपोर्टेड-बाय’ म्हणून तक्रार करणाऱ्याचे नाव कायमचे राहते. पुष्कळ नवशिके हे काम कमी प्रतीचे समजतात आणि कर्नलचा मोठा भाग नव्याने लिहिण्याच्या मागे लागतात. खरे तर नीट बायसेक्ट केलेली एक तक्रार दहा किरकोळ पॅचपेक्षा उपयोगी असते.

पॅचच पाठवायचा असेल, तर काम कुठे शोधावे? २००८ पासून कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा विभाग आहे. अजून पुरेसे सुघड न झालेले ड्रायव्हर तिथे ठेवतात. चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवली की मोकळ्या जागा, लांब ओळी, नावांची पद्धत अशा चुका ती दाखवते. पाठवण्याची रीत शिकायला असे एक-दोन पॅच चांगले, पण तिथेच रेंगाळू नये. रीत हाताशी आली की सिझबॉटकडे वळावे. गुगलने चालवलेले हे यंत्र २०१७ पासून कर्नलवर चित्रविचित्र इनपुटचा मारा करून बग शोधते आणि न सुटलेले बग जाहीर यादीत मांडते. पुष्कळदा तो बग पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्रामही सोबत असतो. आपली दुरुस्ती मेलने सिझबॉटकडे पाठवली, तर तो ती चालवून पाहतो आणि निकाल कळवतो. थकवा आणि वैताग ठाऊक नसलेला असा परीक्षक नवशिक्याला दुसरीकडे मिळणे कठीण.

चांगला पहिला पॅच केवढा असावा? समजा एका ड्रायव्हरचे सुरुवातीचे फंक्शन आधी मेमरी घेते, मग इंटरप्टची लाइन मागते. लाइन मिळाली नाही, तर ते एरर देऊन तिथूनच परतते आणि घेतलेली मेमरी तशीच अडकून राहते. दुरुस्ती दोन-तीन ओळींची : परतण्यापूर्वी मेमरी सोडणे. खरी परीक्षा सोबतच्या मजकुराची असते. पहिल्या ओळीत विभाग, ड्रायव्हरचे नाव आणि काय केले ते थोडक्यात. त्याखाली परिच्छेदभर कारण : चूक कोणत्या परिस्थितीत घडते, वापरणाऱ्याला काय त्रास होतो, दुरुस्ती कशी तपासली. मग ही चूक ज्या बदलातून आली त्याची खूण, ‘फिक्सेस’ या शब्दापुढे. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि स्वतःचे नाव. एससीओ कंपनीने कोडच्या मालकीवरून खटले भरल्यानंतर, २००४ मध्ये ही सही सुरू झाली. हा कोड पाठवण्याचा मला हक्क आहे, असे ती सांगते. कोड लिहिण्यात एआयचे साहाय्य घेतले असले, तरी त्याचा जाब सही करणाऱ्यालाच द्यावा लागतो. आपल्याला न समजलेली ओळ पाठवू नये ती यासाठीच.

पॅच कोणाला पाठवायचा, हे सोर्समधली मेंटेनर शोधणारी स्क्रिप्ट सांगते. तो मेंटेनरला आणि त्या विभागाच्या मेल लिस्टला एकदम जातो. खासगीत मेल पाठवून मार्गदर्शन मागू नये, कारण उघड्यावर मिळालेले उत्तर पुढच्या शंभर जणांना वाचता येते. मेल साध्या टेक्स्टमध्येच हवा. एचटीएमएलमधला मेल सर्व्हर परत लावतो आणि पॅचला उत्तर मिळाले नाही म्हणून नवशिक्या उगाच खंतावत बसतो. बऱ्याचदा पहिले उत्तर माणसाचे नसतेच. पॅच निरनिराळ्या कॉन्फिगरेशनवर कंपाइल करणारे बॉट आहेत आणि तक्रार असली की ते लगेच कळवतात. माणसाचे उत्तर आले, तर प्रत्येक मुद्द्याखाली त्याचे उत्तर लिहावे आणि सुधारलेला पॅच ‘व्ही२’ म्हणून, काय बदलले ते नोंदवून पाठवावा. पॅचला तीन-चार फेऱ्या पडणे हा अपमान नाही, अनुभवी लोकांच्याही पॅचना त्या पडतात. काहीच उत्तर नसेल, तर किमान आठवडाभर थांबून सौम्य आठवण करावी. नवी आवृत्ती निघाल्यानंतरचे दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी तयार असलेले बदल एकत्र करण्याचे असतात. नेटवर्किंगसारखे विभाग त्या काळात नवे काम घेतच नाहीत.

उत्तराच्या सुराबद्दलही बोलायला हवे. कर्नलच्या चर्चांतली भाषा वर्षानुवर्षे जहाल होती आणि तिने कित्येक होतकरू माणसे परत फिरवली. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही आठवडे रजा घेतली, आणि त्याच वेळी वर्तनाची लेखी संहिता स्वीकारली गेली. ती यायला फार उशीर झाला, पण फरक पडला आहे. विश्वासाला तडा गेल्याचा प्रसंग एप्रिल २०२१ चा. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी अभ्यासासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचे प्रकरण चिघळले आणि त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणे थांबवण्यात आले. त्याची झळ त्याच विद्यापीठातल्या प्रामाणिक विद्यार्थ्यांनाही बसली.

हात धरून शिकवणारी व्यवस्थाही आहे. स्त्रिया आणि संगणकक्षेत्रात संख्येने कमी असलेल्या गटांसाठीच्या आउटरीची या मानधनासह प्रशिक्षण देणाऱ्या उपक्रमात कर्नल २०१३ पासून सामील आहे. लिनक्स फाउंडेशनचा कर्नल मेंटॉरशिप उपक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यामागे मेंटेनर शुआ खान यांचा मोठा वाटा आहे. दोन्ही ठिकाणी अर्जाबरोबर काही प्राथमिक काम करून दाखवावे लागते.

भारतात हे काम नवे नाही. बेंगळुरूच्या आयबीएम केंद्रातील दीपंकर सरमा यांचे पॉल मॅककेनी यांच्यासह केलेले आरसीयूवरचे (कुलूप न लावता सामाईक डेटा वाचू देणाऱ्या पद्धतीवरचे) काम २००२ मध्ये कर्नलमध्ये गेले. आज लिनक्सवर चालणारा प्रत्येक फोन ते वापरतो. पुण्यात लिनक्स युजर्स ग्रुपने आणि सिंबायोसिसमधल्या ग्नूनिफाय मेळाव्याने विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना मुक्त सॉफ्टवेअरची ओळख करून दिली. अशी शहरे सोबतीसाठी बरी, अट म्हणून आवश्यक नाहीत. म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावरच्या कडकोळमध्ये बसून पाठवलेला पॅचही त्याच मेल लिस्टवर जातो आणि त्याच कसोट्यांना उतरतो.

कर्नलच्या सोर्समध्येच दस्तऐवजांचा मोठा भाग आहे. काम कसे चालते हे सांगणारा ‘हाऊटू’, पॅच पाठवण्याची रीत, कोडची शैली, बग कळवण्याची पद्धत, सगळे तिथे आहे आणि त्यातल्या पुष्कळ भागाचे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश अनुवादही तिथेच ठेवलेले आहेत. इंग्रजीच्या धास्तीने थबकलेली मराठी माध्यमातली मुले तालुक्यातालुक्यांत आहेत. सी भाषा आणि मराठी या दोन्हींवर हात बसलेल्या वाचकांनी ‘हाऊटू’चा मराठी अनुवाद हाती घ्यावा. तोही पॅच म्हणूनच पाठवायचा असतो, खाली सही करून.