शिवनाथ ते बाली, स्कूटरवरून

भिलाईत सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. सेक्टरांच्या सरळ रस्त्यांवर आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर वाळूत पाय पसरून बसावंसं वाटलं, तर दुर्गहून पुरीची गाडी आहेच आणि २०२४ पासून विशाखापट्टणमची वंदे भारतही. पण हल्ली लेक-सून म्हणतात, "बाबा, बालीला जा. दोन महिने राहा, स्कूटरवर भटका, योग शिका." बाबा दचकतात. दचकायचं कारण नाही, बाली वाटते तितकी परकी नाही.

पाण्यापासूनच सुरू करू. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी कटकवरून समुद्राला. त्याच कटकात, महानदीच्या काठावर, कार्तिक पौर्णिमेला 'बालीजात्रा' भरते. जुन्या काळी ओडिया व्यापारी, म्हणजे साधव, या सुमाराला गलबतं घेऊन बाली-जाव्याकडे निघत, त्याची ही आठवण. पहाटे लोक कागदाच्या, केळीच्या सोपटाच्या छोट्या होड्या पाण्यात सोडतात. आणि १७५१ ते १८०३ या काळात कटक होतं कुणाकडे? नागपूरकर भोसल्यांकडे. छत्तीसगडही त्यांचंच. तेव्हा बालीच्या वाटेवर आपली मंडळी निम्म्यापर्यंत आधीच पोचली होती म्हणायला हरकत नाही.

मुक्कामाचा हिशेब सोपा आहे. भारतीयांना तिथे उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, तो एकदा आणखी तीस दिवस वाढवता येतो. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटकांकडून दीड लाख रुपिया घेतात. आकडा ऐकून धस्स होतं, पण आपल्या पैशांत तो हजाराच्या आत बसतो. जायचं कधी? भिलाईत मे महिन्यात डांबर वितळतं आणि नंतर चार महिने छत्री सुटत नाही. बरोबर तेव्हाच बालीत कोरडा हंगाम असतो. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे जूनमधला दुपारचा सूर्य तिथे उत्तरेला दिसतो. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

किनाऱ्यावर गेलात तर पांढऱ्या वाळूचा हट्ट धरू नका. उत्तरेकडे लोविनाला वाळू काळी आहे, ज्वालामुखीच्या खडकाचा चुरा तो, आणि त्यात लोहखनिजाचे कणही असतात. दल्ली-राजहराच्या लोखंडावर पोसलेल्या भिलाईकराने खिशात लोहचुंबक ठेवावं. इतर पर्यटक शिंपले वेचतील, तुम्ही कच्चा माल तपासा.

आता स्कूटर. बालीत वाहनं आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, ही अर्धी लढाई जिंकल्यासारखी. उरलेली अर्धी आरटीओत जिंकायची. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्यावा लागतो, आणि त्यात दुचाकीची नोंद हवी. नुसत्या मोटारीच्या परवान्यावर स्कूटर भाड्याने घेतली आणि आपटलात, तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता दाट.

तिथल्या स्कूटरला सणही आहे! दर २१० दिवसांनी 'तुम्पेक लांदेप' येतो. मूळचा हा शस्त्रांचा, कट्यारींचा दिवस. काळ बदलला तशा पूजेला मोटारी आणि स्कूटरी आल्या, त्यांना नारळाच्या झावळीची नक्षीदार तोरणं बांधतात. ही आपली खंडेनवमीच की! कारखान्यातली विश्वकर्मा पूजा पाहिलेल्याला तर काही समजावून सांगायलाच नको.

रस्ता विचारताना मजा येते. पहिल्या मुलाचं नाव वायान, दुसऱ्याचं मादे (म्हणजे मधला), तिसरा न्योमान, चौथा क्तुत. पाचवा झाला की पुन्हा वायान. चौकात "वायान!" अशी हाक मारा, निदान दोघे तरी वळतील. भाषेतही ओळखीचे चेहरे भेटतात. इंडोनेशियन भाषेत नवरा 'सुआमी', बायको 'इस्त्री', उपास 'पुआसा', साखर 'गुला', जी आपल्या गुळाची सख्खी बहीण. मात्र 'दोसा' म्हणजे पाप. न्याहारी मागताना जपून.

योगाच्या वर्गाला मराठी माणसाने जरा ताठ बसावं. समुद्रकाठी योग शिकवायची कल्पना बालीची नव्हे. १९१८ साली श्रीयोगेंद्रांनी मुंबईत वर्सोव्याला, समुद्राकाठच्या दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात योग संस्था सुरू केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी मांडली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले ते कायमचे पुणेकर झाले. आणि पहाटे वाळूवर परदेशी मंडळी घामाघूम होऊन घालतात त्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन आयुष्यभर प्रचार केला तो आपल्या औंधच्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी. संस्थानातल्या शाळाशाळांतून त्यांनी ते घालून घेतले. बालीत त्याच नमस्कारांचे पैसे मोजावे लागतात. औंधच्या पोरांना ते फुकट मिळाले, तेही नको असताना!

एक दिवस मात्र स्कूटर, योग, किनारा, सगळं बंद. बालीचं नवं वर्ष शक संवत्सराचं, म्हणजे आपल्याच शालिवाहनाचं. २०२३ मध्ये दोन्हीकडे २२ मार्चलाच शके १९४५ लागलं. आपण गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं. त्यांनी 'न्येपी' पाळला. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे अजस्र पुतळे ढोल बडवत मिरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं बेट मुकं. दिवा नाही, चूल नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पर्यटकांनीही हॉटेलातच बसायचं, पारंपरिक वेशातले पहारेकरी गस्त घालतात. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद!

अधिकमासाच्या हिशेबामुळे न्येपी कधी पाडव्याच्या महिनाभर आधीही येतो. २०२४ मध्ये तो ११ मार्चला होता आणि पाडवा ९ एप्रिलला. म्हणून मार्च-एप्रिलचं तिकीट काढताना नुसत्या कालनिर्णयावर विसंबू नका, न्येपीची तारीख वेगळी विचारून घ्या.