पानांचा वास आणि दवणा

अत्तराच्या धंद्यात ज्याला ‘हर्बल नोट’ म्हणतात, तो पाल्याचा वास. फुलांचा नव्हे. अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी बसून बोलतोय, तर उदाहरण दवण्याचंच घेऊ. चैत्र शुद्ध चतुर्दशीला शंकराला दवणा वाहतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत तर गुलालाबरोबर तो हवाच.

आता गंमत पाहा. न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा खास गुण मानला. पण प्रकार किती? ‘तर्कसंग्रहा’त रंग सात, चवी सहा आणि वास दोनच: सुरभी, असुरभी! मला हा सरळसरळ आळस वाटतो. सुगंध करणाऱ्यांना एवढ्यावर भागवता येईना. गंगाधराचा ‘गंधसार’ घ्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याच्यावर लिहिलंय. त्यात द्रव्यं कशी लावलीत? पान, फूल, फळ, साल, लाकूड, मूळ, डिंक, शिवाय प्राणिज. वास कसा वाटतो हे बाजूला ठेवून, तो येतो कुठून, हे विचारलं.

त्यात अर्थ आहे. मोगरा आपणहून दरवळतो. तुळस, मरवा चुरडावा लागतो. तेल पानांवरच्या बारीक ग्रंथींत असतं, त्या फुटल्या की वास सुटतो.

दवणा मात्र ‘पान’ या खणात नीट बसत नाही. तेलासाठी फुलावर आलेलं अख्खं झुडूप घेतात. त्या तेलात पाल्याच्या कडवटपणामागून पिकल्या फळाचा गोडवा येतो. याला नुसतं ‘सुरभी’ म्हणून मोकळं व्हायचं? ही जुडी फिरवतो. चुरडून बघा, मग प्रश्न विचारा.