रानपिंगळ्याची साक्ष

पिंगळा घराजवळ ओरडला म्हणजे वडील माणसें त्यावरून शुभाशुभ पाहत असत. त्याच्याच एका दुर्मिळ भाऊबंदाची, रानपिंगळ्याची, कथा आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. कारण शास्त्रज्ञांच्या अगदीं नव्या साधनांचें मर्म तींत सांपडतें.

या पक्ष्याचें शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनीं १८७३ सालीं केलें. पुढें जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें आपल्या खानदेशांत त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला. मध्यंतरीं मायनर्ट्‌झहेगन नामक लष्करी अधिकाऱ्यानें, १९१४ सालीं गुजरातेंत आपणांस तो मिळाला, असें लिहून ठेविलें होतें. तो नमुना वस्तुतः ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला, डेव्हिडसनचाच होता! त्या एका खोट्या चिठ्ठीमुळें शोध भलत्याच मुलुखाकडे वळला. ती बाजूस सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढीत पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे शहाद्याजवळच्या रानांत आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, ११३ वर्षांनीं, रानपिंगळा पुन्हां दृष्टीस पडला. शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. जळगांव जिल्ह्यांतील यावलच्या अभयारण्यांतही तो पुढें आढळला.

त्या काळीं अशा चिठ्ठ्यांसाठीं देशोदेशींचीं संग्रहालयें पालथीं घालावीं लागत. २००२ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र-प्रयोगशाळेनें व ऑडुबॉन संस्थेनें इंटरनेटवर 'ई-बर्ड' नांवाची नोंदवही उघडली. पक्षी कोणता, किती, कोठें व केव्हां पाहिला, हें तींत कोणींही लिहावें. नोंद विलक्षण वाटली तर जाणकार पुरावा मागतात. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ सालचा अहवाल सुमारें ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या नातवानें मोबाईलवर एका घुबडाचें छायाचित्र टिपून 'रानपिंगळा' म्हणून समाजमाध्यमावर चढविलें. घटकाभरांत शाबासकीचा पाऊस पडला. तेंच त्यानें नोंदवहींत घातलें तेव्हां मात्र प्रश्न आला : 'डोक्यावर पांढरे ठिपके दिसतात, रानपिंगळ्याचा माथा तर बहुतेक बिनठिपक्यांचा असतो. पुन्हां पाहाल काय?' चिरंजीव रागावले. मीं त्यास मायनर्ट्‌झहेगनची गोष्ट सांगितली. त्यानें मुकाट्यानें नोंद सुधारली, व समाजमाध्यमावरही आपली चूक कबूल केली.

आपल्या नैयायिकांनीं शब्दास प्रमाण मानलें, पण तो आप्ताचा असेल तरच. आणि आप्त म्हणजे जसें पाहिलें तसेंच सांगणारा. पूर्वीं साक्षीचा हा अधिकार थोड्या पंडितांकडे होता. आज तो आपल्या घरांतील मुलांच्या हातीं आला आहे. तेव्हां मुलांच्या हातीं मोबाईल देतांना त्यांस एवढें अवश्य शिकवावें : पाहिलें तेवढेंच लिहावें, चुकलें तर खोडावें, आणि दुर्मिळ पाखराच्या घरट्याचा ठावठिकाणा चारचौघांत सांगूं नये.